तेरावं ताट

आमच्या खोलीच्या भिंतीला एक ताटाळं होतं. लोखंडी पट्ट्यांचं, बारा खणांचं. प्रत्येक खणात एक ताट उभं, आणि प्रत्येक ताटाच्या काठावर ठोकून घातलेलं एक नाव. आई खाणावळ चालवायची. लालबागच्या त्या चाळीत आमच्या गावाकडची अकरा माणसं तिच्या हातचं जेवत, बारावे माझे वडील. गावाहून मुंबईला आलेला माणूस आपलं ताट बरोबर घेऊन यायचा आणि काम सोडून परत निघाला की ट्रंकेत घालून घेऊन जायचा. त्यामुळे गावातलं कोण मुंबईत आहे आणि कोण नाही, हे आमच्या भिंतीकडे पाहिलं की कळायचं. माणसांकडे पाहून ते कळलं नसतं. दहा बाय बाराच्या खोलीत सगळे एका वेळी कधी नसतच. पहिल्या पाळीचे उठून गिरणीत गेले की तिसऱ्या पाळीचे येऊन त्याच वळकट्यांवर आडवे व्हायचे. त्या बारा जणांना एकत्र असं मी फक्त गणपतीत, गावीच पाहिलेलं होतं.

हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते या ताटाळ्यामुळे आणि माझ्या लिहिण्याच्या हौसेमुळे झालं.

मी जन्माची भित्री. झुरळाला भिते, जिन्यावरच्या अंधाराला भिते, कुणी मोठ्याने हाक मारली तरी दचकते. त्यात मी मॅट्रिकच्या वर्गात, म्हणजे मजल्यावरची सगळ्यांत शिकलेली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांची पत्रं माझ्याकडे यायची. पत्रापर्यंत ठीक होतं. तार आली की मला पळून जावंसं वाटायचं. तार इंग्रजीत, शब्द तीन-चार, आणि ज्याची तार तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत समोर उभा. एकदा आमच्यातल्या एकाची आई अत्यवस्थ असल्याची तार आली. मी ती तीनदा वाचली, कारण सांगायचं धैर्य होईना. शेवटी त्यानेच माझं तोंड पाहून वळकटी बांधायला घेतली.

पत्रं लिहायचीही मीच. मी पोटमाळ्याच्या शिडीवर बसायची आणि सांगणारा खाली. सुरुवात ठरलेली, इकडे सर्व खुशाल. मग कुणाचं बोट गिरणीच्या साच्यात चिरडलेलं असो, कुणाला महिनाभर ताप येत असो, खुशाली कायम. मी एकदा एकाच्या पत्रात त्याच्या खोकल्याचं लिहिलं, तर आईने कागद काढून घेतला आणि चुलीत घातला. "कागदार सगळा खरा घालू नये गो," ती म्हणाली. "कागद आपल्या हातात रवना नाय."

मला तिचा राग आला होता. कारण मला खरं लिहायचं होतं. म्हणजे मला लेखिका व्हायचं होतं, पण हे कुणाला सांगायची छाती नव्हती. वाण्याकडून डाळ आली की मी पुडीचा कागद सोडवून, हाताने सपाट करून पोटमाळ्यावर वाचायची. त्या कागदांवरच्या गोष्टी मधूनच सुरू होत आणि मधेच तुटत. अलीकडचं-पलीकडचं मी मनाने जोडायची. माझं लिहिणं तिथून सुरू झालं असावं.

चाळीच्या तळमजल्यावर मंडळाचं वाचनालय होतं. एक खोली, दोन कपाटं, एक बाक. तिथले ग्रंथपाल गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम करत आणि संध्याकाळी येऊन वाचनालय उघडत. त्यांचं अक्षर इतकं सुरेख होतं की चाळीतल्या लग्नपत्रिकांवरचे पत्ते तेच घालायचे. दरवर्षी ते एक हस्तलिखित काढत. चाळीतल्या आणि आसपासच्या लोकांनी दिलेल्या गोष्टी, कविता, लेख ते स्वतःच्या हाताने उतरवून काढायचे, एक पेंटर मुखपृष्ठ रंगवायचा, आणि शिवून पुठ्ठा लावलेला तो एकुलता एक अंक दोन-दोन दिवसांसाठी वर्गणीदारांच्या घरी फिरायचा. शेवटची चार पानं कोरी असत. वाचणाऱ्याने तिथे अभिप्राय लिहायचा.

मी आधी दोन वर्षं त्यांना काहीबाही दिलं होतं. दोन्ही वेळा परत आलं. दुसऱ्या वेळी त्यांनी चष्मा कपाळावर चढवून मला विचारलं, "ह्यात नदी आहे, चांदणं आहे, होडी आहे. तू चांदण्यात होडीत बसली आहेस का कधी?"

मी मान हलवली.

"मग घरातलं लिही ना. तुमच्या खोलीत काय कमी आहे?"

मी इतकी शरमले की महिनाभर त्या बाजूला फिरकले नाही.

मग छप्पन सालच्या जानेवारीचे ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्रात राहणार नाही, दिल्लीच्या ताब्यात जाणार, असं रेडिओवर सांगितलं गेलं आणि आमच्याकडचे रस्ते ओळखू येईनासे झाले. गिरणीचा भोंगा वाजायचा पण आत जायला कुणी नसायचं. गोळीबाराचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी घाईघाईने दुकानाच्या फळ्या लावतंय. आईने आम्हां सगळ्यांना जमिनीवर पालथं पडायला लावलं. त्या दिवसांत माझी भीती चारचौघांत मिसळून गेली. सगळेच भीत होते, त्यामुळे माझ्याकडे कुणी हसून पाहिना.

त्यातल्याच एका दुपारी आमच्यातले दोघे तिसऱ्या एकाला दोन्ही बाजूंनी धरून, दारू प्यायलेल्या माणसाला आणावं तसं, जिन्याने वर घेऊन आले. तो त्यांच्यातल्या एकाचा चुलतभाऊ, आमच्याच गावचा. शिवडीच्या गोदामात हमाली करायचा. डाव्या पोटरीत गोळी लागली होती. इस्पितळात नेलं तर पोलीस खाटेशी बसतात आणि जरा बरं वाटलं की थेट गाडीत घालतात, असं सगळीकडे बोललं जात होतं. आईने त्याच्याकडे पाहिलं, पोटमाळ्यावरच्या ट्रंका एका बाजूला सरकवल्या आणि त्याला वर चढवायला सांगितलं. परळचा एक ओळखीचा कंपाउंडर येऊन गोळी काढून गेला. जाताना म्हणाला, "महिनाभर पाय जमिनीला टेकायचा नाही. जखम उघडली तर पाय हातचा जाईल." पुढेही तो दर दोन-तीन दिवसांनी पट्टी बदलायला येत राहिला.

चार-पाच दिवसांत गिरण्या पुन्हा सुरू झाल्या आणि खोलीत माणूस लपवणं सोपं झालं. पाळ्यांप्रमाणे तोंडं बदलत असल्यामुळे कोण आलं, कोण गेलं हे शेजाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. अडचण ताटाची होती. त्याच्याकडे ताट नव्हतं. गोदामात तो पानावर नाहीतर परातीत सगळ्यांबरोबर जेवायचा. आईने ट्रंकेच्या तळातून स्वतःचं ताट काढलं, लग्नात माहेराहून आलेलं, काठावर तिचं माहेरचं नाव घातलेलं. घासून झालं की ताटाळ्यात त्याला खण नव्हता. म्हणून ती ते पिठाच्या डब्यामागे उभं करून ठेवायची.

त्याला ताट वर नेऊन द्यायचं काम माझं. माझी वाचायची जागा त्याने बळकावली होती म्हणून मी सुरुवातीला घुश्शातच होते. पण त्याला वाचता येत नव्हतं आणि दिवस जाता जात नव्हता. तो म्हणाला, "वाच गो काय ता. माका पण आयकव." मग मी त्याला पुड्यांचे कागद वाचून दाखवू लागले. मधेच तुटलेल्या गोष्टीचं पुढे काय झालं असेल हे तो माझ्यापेक्षा बरं सांगायचा.

एकदा जेवता जेवता त्याने ताटाच्या काठावरून बोट फिरवलं. "हेच्यार काय लिवलला आसा?"

"आईचं नाव. माहेरचं."

"माजा नाव अजून खंयच लिवलला नाय," तो म्हणाला. "हजेरीक आंगठो." आणि हसला.

त्याच आठवड्यात ग्रंथपालांनी मला जिन्यात गाठून सांगितलं की अंक जवळजवळ तयार आहे, पण शेवटी पाच-सहा पानं रिकामी राहिली आहेत. "घरातलं काही लिहिलंस का?"

मी दोन दुपारींत लिहून काढलं. खाली तिसऱ्या पाळीचे घोरत होते, वर तो झोपलेला होता, आणि मी शिडीवर बसून लिहीत होते. आयुष्यात इतकं सुख मला लिहिताना पुन्हा क्वचितच मिळालं असेल. शब्द शोधावा लागत नव्हता. बारा जणांची ताटं, भिंतीवरचं ताटाळं, पोटमाळ्यावर ट्रंकांआड निजलेला जखमी माणूस, आणि पिठाच्या डब्यामागे लपवलेलं बाईच्या नावाचं ताट. गोष्टीचं नावही तेच दिलं, तेरावं ताट. मी अगदी सावध होते बरं का. चाळीचं नाव घातलं नाही, एकाही माणसाचं नाव घातलं नाही. माझंही नाव न देता खाली लिहिलं, अबोली. चाळीच्या गॅलरीत पत्र्याच्या डब्यात अबोली एकाच दारासमोर लावलेली होती, ती आमच्या, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलंच नाही.

ग्रंथपालांना खोलीतल्या पाहुण्याची काही कल्पना नव्हती. त्यांनी गोष्ट उभ्या उभ्या वाचली आणि म्हणाले, "कल्पनाशक्ती चांगली आहे तुझी." मी तरंगत वर गेले.

अंक निघाला. त्यांच्या अक्षरात माझी गोष्ट पाहिली तेव्हा ती माझी वाटेना, इतकी देखणी दिसत होती. अंक एका घरून दुसऱ्या घरी जाताना मधे वाचनालयात यायचा, तेव्हा मी हळूच शेवटची पानं उघडायची. एकाने लिहिलं होतं, ताटाची गोष्ट आवडली. दुसऱ्याने लिहिलं होतं, त्या बाईचं ताट डोळ्यांपुढून हलत नाही. ते मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. तिसरा अभिप्राय पेन्सिलीने लिहिलेला होता. त्यात होतं, अगदी खरं वाटतं, जणू आपल्याच शेजारी घडतंय.

ते वाचताना मी हसत होते. आणि हसता हसताच मी त्यातल्या दोन शब्दांवर परत आले. आपल्याच शेजारी. मी अंक मिटला, तोंड धुतलं, आणि स्वतःला समजावलं की चाळीतलं कुणी चुगली करणार नाही. ते खरंही होतं. पलीकडच्या चाळीतून दोघांना पोलिसांनी धरून नेलं होतं, तेव्हा आमच्या चाळीत एक अक्षर कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं.

दोन दिवसांनी अंक परत यायला हवा होता. आला नाही. ग्रंथपाल कपाट लावत होते. मी विचारलं, "अंक कुणाकडे आहे?" त्यांनी वहीकडे बोट दाखवलं. मी वही उघडली आणि बाकावर बसले. नायगावच्या पोलीस लाइनीतला एक हवालदार आमचा वर्गणीदार होता. लग्नाआधी तो आमच्याच चाळीत राहायचा, आणि आता लालबागच्या चौकीवरून घरी जाताना पुस्तक बदलून न्यायचा. अंक त्याच्या नावावर होता.

ग्रंथपाल म्हणाले, "बरं वाटत नाही का तुला?"

घरी आले तर आई भाकऱ्या थापत होती आणि वरून त्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं. सांगावंसं वाटलं. पण आईच्या हातातली भाकरी पाहिली आणि जीभ उचलेना. माझ्यामुळे तो जाणार, त्याला आसरा दिला म्हणून वडील जाणार, आई जाणार, अकराच्या अकरा जणांना गाडीत घालणार. रात्रभर जिन्यावर पाऊल वाजलं की मी उठून बसत होते. सकाळी ठरवलं, हवालदाराने वाचायच्या आत अंक परत आणायचा.

शाळेला म्हणून निघाले आणि परळनाक्यावरून भोईवाड्याच्या बाजूने नायगावला चालत गेले. रस्त्यात ठिकठिकाणी पोलीस काठ्या टेकून उभे. मला वाटत होतं, सगळे माझ्याकडेच बघतायत. पोलीस लाइनीत शिरताना तर मी देवाचं नाव घेतलं, आणि कुठल्या देवाचं ते आता आठवत नाही.

दार हवालदारानेच उघडलं. गंजीफ्रॉक आणि खाकी चड्डी. भिंतीला खुंटीवर पट्टा लटकत होता.

"वाचनालयातून आलेय," मी म्हणाले. "हस्तलिखित परत मागितलंय."

"मंडळी नळावर गेलीत. बस." मी उंबऱ्याशीच टेकले. त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू खाणावळवालीची ना? तोंडवळा आईचा आहे. जेवलोय मी तुमच्याकडे, लग्नाआधी दोन वर्षं. माझंही ताट होतं त्या ताटाळ्यात."



"तेव्हा आम्ही आठ होतो," तो म्हणाला. "हल्ली किती?"

"बारा."

"बाराच?"

मी हो म्हटलं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. तो पायात चप्पल घालू लागला. तेवढ्यात त्याची बायको पाण्याची कळशी घेऊन आली. साताऱ्याकडची, नाकात नथ, पदर खोचलेला. मी कोण हे कळल्यावर तिने कळशी ठेवली, कपाटातून अंक काढला आणि माझ्या हातात देताना माझं मनगट क्षणभर धरून ठेवलं. "नीट जा पोरी," ती म्हणाली. "तुझं काय बी हितं राहिलं न्हाई." मला ते नेहमीचं बोलणं वाटलं. मी जिना उतरले तो जवळजवळ पळतच.

रस्त्यावर आल्यावर अंक उघडला. माझ्या गोष्टीची पानं नव्हती. शिवणीपासून ब्लेडने नीट कापून काढलेली. अनुक्रमणिकेत माझ्या गोष्टीच्या ओळीवर शाई फासलेली. मी तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसले. बाराच, असं त्याने का विचारलं ते आता कळलं. पानं कुठे गेली असतील हेही कळलं. ती साहेबापुढे टेबलावर ठेवलेली मला दिसत होती.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. ती मासे साफ करत होती. तिने हात थांबवला नाही. "तेणी वाचल्यान?" एवढंच विचारलं.

"पानं कापून घेतलीयत."

तिने हात धुतले. उठून पिठाच्या डब्यामागचं ताट काढलं, पुसलं आणि ट्रंकेच्या तळाशी घातलं. मग शिडीपाशी जाऊन वर म्हणाली, "बाबा, तुका आजच जावक व्हया. खबर लागली आसा." खबर कुणामुळे लागली हे तिने सांगितलं नाही. तो म्हणाला, "बरा." महिना भरायला अजून बारा दिवस होते.

 दुपारी पहिली पाळी सुटली, रस्ता माणसांनी भरला, आणि आमच्यातल्या दोघांनी त्याला त्या गर्दीत मधे घेऊन चालवत नेलं. गॅलरीतून मी त्याचं डोकं दिसेपर्यंत पाहिलं. तो पाय टेकत होता. प्रत्येक पावलाला त्याचं डोकं एका बाजूला कलत होतं. भाऊच्या धक्क्यावर आगबोटीची तपासणी चालली होती म्हणून त्यांनी त्याला गावाकडच्या एका शिडाच्या मचव्यात बसवून दिलं.

त्यानंतर मी रोज पोलिसांची वाट पाहिली. जिन्यावर बूट वाजले की ताटाळ्याकडे बघायची आणि बारा मोजायची. दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. कुणी आलं नाही. एकदाही कुणी आलं नाही.

रथसप्तमीच्या आधी आईने नेहमीसारखं हळदीकुंकू केलं. न करावं तर शेजारणी विचारतील म्हणून केलं. बायका येऊन जात होत्या, मी तिळगूळ देत होते, आणि दारात हवालदाराची बायको उभी राहिली. तिला बोलावलेलं नव्हतं. आईने तिला कुंकू लावलं, पण तिच्या तोंडाकडे न पाहता. बाहेर पडताना तिने मला खुणेने गॅलरीत बोलावलं. अबोलीच्या डब्यापाशी ती थांबली, त्याच्याकडे पाहून थोडी हसली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुझी गोष्ट मी बंबात घातली बघ."

मला काही समजेना.

"पुस्तकं ह्यांच्या नावावर येत्यात, पर वाचते मीच. हे काय वाचत न्हाईत. पर अंक दुपारचा शेजारचे जमादार, ह्यांचे वरचे साहेब, मागून नेत्यात. तुमचं ताटाळं ह्यांच्या तोंडून लई येळा ऐकलंय. तुझं ताट वाचलं आणि मला तुमची समदी खोली दिसली. मला दिसली तर त्यांनाबी दिसंल म्हणून कापली." मग ती माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "चांगली लिवली होतीस. लई दिसात असं काय वाचलं न्हवतं."

माझ्या हातातली तिळगुळाची वाटी तशीच राहिली. हवालदाराने बाराच का असं विचारलं ते फक्त खाणावळ कशी चाललीय हे कळावं म्हणून. कुणालाही काही कळलेलं नव्हतं. पोटमाळ्यावरून त्याला जायची गरजच नव्हती. हे मी त्या संध्याकाळी आईला सांगितलं, तेव्हा तिने करंड्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तेका सांगा नको."

गावाहून त्याचं पत्र आलं. दुसऱ्या कुणाच्या हातचं. इकडे सर्व खुशाल, पाय बरा आहे. मी ते आईला वाचून दाखवलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

मे महिन्यात आम्ही गावी गेलो. तो त्याच्या घरापुढच्या खळ्यात सुपारी सोलत बसला होता. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. मचवा वाऱ्याअभावी दोन दिवस जास्त अडकला, जखम उघडली, आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत उशीर झाला. हे सगळं त्याने हसतच सांगितलं. मग आईच्या पायांकडे हात करून म्हणाला, "तुमी वेळेर धाडलास म्हणान वाचलंय. नायतर तुरुंगात सडलंय असतंय." आई पदराने तोंड पुसत आत पाणी प्यायला गेली.

तो माझ्याकडे वळला. "काय गो, लिवतंस मगे अजून?"

मी मान हलवली. म्हणजे हो की नाही, ते त्याने ठरवावं.

"आमचा ह्या लिव मगे कधीतरी. तुज्या आवशीच्या ताटात जेवलंय ता. आनि ह्या बग," तो म्हणाला, "माजा नाव घाल हां. न इसरता."

मी हो म्हटलं.

त्यानंतर मी बरंच लिहिलं. छापूनही आलं. कुणी कौतुकाने म्हणतं, अगदी खरं वाटतं हो तुमचं, आणि मी मान खाली घालते. लोकांना वाटतं मी लाजले. ती पहिली गोष्ट मात्र मला पुन्हा तशी कधी लिहिता आली नाही. माझे मूळ कागद उतरवून झाल्यावर गेले होते; तिची एकच प्रत होती आणि ती नायगावात एका बाईने पाणी तापवताना जाळली. माझ्या लिहिण्याचा तितका नीट विचार पुढे कुणीही केला नाही.

तो गेल्या वर्षी वारला. आई तर कधीच गेली. तिचं ताट माझ्याकडे आहे. चाळ पाडली, हवालदार नाही, जमादार नाही, ज्याला भ्यावं असं कुणी उरलेलं नाही. त्याला शब्द दिला होता म्हणून हे लिहायला बसले. त्याचं नाव दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा खोडलं. तिसऱ्यांदा लिहायला हात उचलला तर जिन्यावर कुणाचं तरी पाऊल वाजलं, आणि मी कागद उलटा केला.